विवाहसंस्कार आणि लौकिक

विवाह हा आपल्या सोळा संस्कारांतील एक प्रमुख संस्कार होय. गृहस्थाश्रमाचे द्वार याच संस्काराने उघडते, आणि इतर आश्रम गृहस्थाश्रमाच्याच आधाराने चालतात असे आपले शास्त्रकार सांगतात. असे असूनही, ज्या दिवशी हा संस्कार व्हावयाचा त्या दिवशी मंडपातील सर्वांत दुर्लक्षित गोष्ट कोणती, असे कोणी विचारले तर उत्तर देताना आपणांस संकोच वाटेल. पुढील चित्र आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. मंगलाष्टके संपतात, अक्षता पडतात, वाद्ये वाजतात आणि मंडळी उठून भोजनगृहाकडे वळतात. मागे होमकुंडापाशी वधूवर, गुरुजी, एखादी आत्या आणि छायाचित्रकार एवढेच उरतात. लाजाहोम आणि सप्तपदी रिकाम्या खुर्च्यांच्या साक्षीने होतात. वधूची आई त्या वेळी कोठीत तुपाचा डबा शोधीत असते आणि वधूपिता हिशोबाच्या घोळात अडकलेला असतो. ज्या सात पावलांसाठी हा सारा खटाटोप, ती पावले त्या दोघांनी पाहिलेलीच नसतात.

खर्च मात्र कशातच कमी झालेला नसतो. ‘घर पहावे बांधून आणि लग्न पहावे करून’ ही म्हण आपण सहज बोलून जातो. परंतु चार दिवसांच्या समारंभासाठी काढलेले कर्ज पुढे कित्येक वर्षे घरात ठाण मांडून बसते, आणि धाकट्या भावंडांच्या शिक्षणाचा पैसा त्याच्या व्याजात जातो. तेव्हा कमी दगदगीत व बेताच्या खर्चात, तरीही जन्मभर स्मरणात राहील असा विवाह कसा करावा, हा प्रश्न केवळ काटकसरीचा नाही. तो धर्माचाही आहे. या पाठात त्याचाच विचार करावयाचा आहे.

१. संस्काराचा गाभा

आपल्यातील ऋग्वेदी मंडळींचा विवाहविधी आश्वलायन गृह्यसूत्राला अनुसरून होतो, तर माध्यंदिन शाखेच्या शुक्ल यजुर्वेदी मंडळींचा पारस्कर गृह्यसूत्राला. आश्वलायन सूत्रकारांनी विवाहप्रकरणात एक फार मोलाची गोष्ट प्रथमच सांगून ठेविली आहे. ते म्हणतात की, देशोदेशीचे व गावोगावचे आचार नाना प्रकारचे आहेत. विवाहात ते पाळावेत. आम्ही येथे सर्वत्र समान असेल तेवढेच सांगतो. म्हणजे सर्वसाधारण विधी वेगळा आणि देशाचार वेगळा, हा भेद आजच्या सुधारकांनी काढलेला नव्हे. तो सूत्रकारांच्याच काळचा आहे.

मग हे ‘सर्वत्र समान’ काय? वराने वधूचा हात हाती घेणे, हे पाणिग्रहण. वधूच्या ओंजळीत तिच्या भावाने लाह्या घालाव्यात आणि तिने त्या अग्नीत अर्पण कराव्यात, हा लाजाहोम. अग्नीला प्रदक्षिणा घालून वधूने दगडावर पाऊल ठेवावे व त्या दगडासारखे स्थिर राहावे, हे अश्मारोहण. नंतर सात पावले. पहिले अन्नासाठी, दुसरे बळासाठी, तिसरे संपत्तीच्या वाढीसाठी, चौथे सुखासाठी, पाचवे संततीसाठी, सहावे ऋतूंसाठी, म्हणजे सर्व ऋतूंत सोबत राहण्यासाठी, आणि सातवे सख्यासाठी. शेवटी रात्री ध्रुव, अरुंधती व सप्तर्षी यांचे दर्शन.

सातव्या पावलाकडे विशेष लक्ष द्यावे. अन्न, बळ, संपत्ती या क्रमाने चालत जाऊन विधीचा शेवट होतो तो मैत्रीवर. पती-पत्नी हे नाते शेवटी सख्याचे आहे, हे आपल्या पूर्वजांनी या एका पावलात सांगून ठेविले आहे.

आता या विधीचे साहित्य पाहा. साळीच्या लाह्या पावशेर, समिधा, तूप, एक दगड (त्यासाठी घरातील पाटा किंवा सहाण चालते), सात लहान राशींपुरते तांदूळ, हळदकुंकू, सुपारी आणि फुले. हे सर्व एका हातपिशवीत मावते. विवाहाला जे खरोखर लागते ते गरिबातल्या गरिबालाही परवडेल असेच शास्त्राने ठेविले आहे. ज्याला लाखो रुपये लागतात ते याच्या बाहेरचे आहे.

२. कायद्याची साक्ष

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातही हीच दृष्टी आहे. उभय पक्षांपैकी कोणत्याही एकाच्या रूढीप्रमाणे व विधीप्रमाणे विवाह करता येतो. आणि त्या विधीत सप्तपदी असल्यास सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण व बंधनकारक होतो, असे त्या कायद्याच्या सातव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयानेही एका निकालात सांगितले की, आवश्यक विधी झालेच नसतील तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्याने हिंदू विवाह सिद्ध होत नाही. आणि विवाह हा गाण्याबजावण्याचा व खाण्यापिण्याचा प्रसंग नसून एक गंभीर संस्कार आहे, याची आठवणही न्यायालयाने करून दिली. म्हणजे धर्माच्या दृष्टीने जो गाभा, तोच कायद्याच्याही दृष्टीने. कायद्यात मेजवानीचे नाव नाही, वरातीचेही नाही.

३. बडोद्याचा वारसा

विधीचा गाभा सोपा असूनही मंडळी उठून जातात, याचे एक कारण उघड आहे. मंत्रांचा अर्थ कोणाला कळत नाही. आणि जे कळत नाही त्यापाशी मन रमत नाही. आपण बडोद्याच्या मंडळींनी या बाबतीत तरी मागे राहू नये. श्रीमंत सयाजीराव महाराज (तिसरे) यांनी १९०४ साली बडोदे संस्थानात बालविवाहास आळा घालणारा कायदा केला, हे सर्वांस ठाऊक आहे. १९१५ साली त्यांनी पुरोहितांविषयीही एक कायदा केला, तो मात्र आज फारसा कोणाच्या स्मरणात नाही. पौरोहित्य करणाराने परीक्षा देऊन पात्रता सिद्ध करावी आणि संस्काराचा अर्थ यजमानास त्याच्या भाषेत समजावून द्यावा, असा त्या कायद्याचा हेतू होता. आज तो कायदा नाही; परंतु त्यातील तत्त्व पाळावयास आपणांस कोणाची मनाई नाही.

यजमानांनी गुरुजींना एक महिना आधी भेटावे. कोणते विधी होणार, प्रत्येकास किती वेळ लागणार आणि अर्थ कोण सांगणार, हे त्यांच्याशी बसून ठरवावे. होमाच्या वेळी प्रत्येक विधीआधी दोन वाक्यांत मराठीतून अर्थ सांगितला तर एकूण वेळ दहा-पंधरा मिनिटांहून अधिक वाढत नाही. सून किंवा जावई गुजराती घरातले असतील तर तोच अर्थ गुजरातीतूनही सांगावा. वधूवरांनी तर विवाहापूर्वी एक संध्याकाळ गुरुजींपाशी बसून आपण कोणती वचने देणार आहोत हे समजून घ्यावे. या एका संध्याकाळीस दक्षिणेखेरीज खर्च नाही, आणि विवाह स्मरणात राहावा यासाठी हिच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही.

४. तीन रकाने

खर्चाचा विचार करताना वही घेऊन तीन रकाने आखावेत. पहिला संस्काराचा, दुसरा आतिथ्याचा आणि तिसरा लौकिकाचा.

संस्काराच्या रकान्यात गुरुजींची दक्षिणा, पूजेचे व होमाचे साहित्य, मंगळसूत्र आणि वधूवरांची विवाहाची वस्त्रे येतील. आतिथ्याच्या रकान्यात जागा, भोजन, परगावच्या पाहुण्यांची राहण्याची सोय आणि वृद्धांच्या ने-आणीची व्यवस्था येईल. लौकिकाच्या रकान्यात पत्रिकांचा थाट, रोषणाई, वरात, भेटवस्तू, मानपानाची वस्त्रे आणि समारंभाआधीच्या हौसेच्या छायाचित्रांचा खर्च, हे सर्व येईल.

यानंतरचा नियम साधा आहे. घरातील शिलकेतून जेवढी रक्कम खर्च करता येईल ती प्रथम लिहावी. तिच्यातला दहावा हिस्सा अडीअडचणीसाठी बाजूला काढावा. राहिलेल्या रकमेतून पहिला रकाना पूर्ण भागवावा, मग दुसरा. आणि यानंतर जे उरेल तेवढ्यातच तिसरा. तिसऱ्या रकान्यासाठी कर्ज काढू नये, दागिने गहाण ठेवू नयेत, भविष्यनिर्वाह निधीला हात लावू नये. कर्ज काढून लग्ने व जेवणावळी करू नका, असे संत गाडगेबाबा आपल्या कीर्तनांतून गावोगाव खडसावून सांगत. बाबा १९५६ साली गेले. त्यांचा हा उपदेश जुना झालेला नाही.

येथे कोणी म्हणेल की, ‘लोक काय म्हणतील?’ हा प्रश्न खोटा नाही, आणि तो विचारणाराला हसण्यातही अर्थ नाही. ज्या घरी आपण जेवून आलो त्यांना जेवू घालावे, ही भावना चांगलीच आहे. परंतु लोक जे म्हणावयाचे ते परतीच्या वाटेवर म्हणून मोकळे होतात. हप्ता मात्र दरमहा आपणांसच भरावा लागतो. शिवाय एकाने वाढविलेला थाट हा दुसऱ्याच्या गळ्यातील फास होतो. ज्याच्यापाशी पैसा आहे त्याने साधेपणाने लग्न केले तर ज्याच्यापाशी नाही त्याची मान ताठ राहते. म्हणून या बाबतीत पुढाकार संपन्न घरांनी घ्यावयास हवा.

५. याद कशाची करावी?

विवाह ठरताना दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी बसून याद करण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. दुर्दैवाने या यादीवर पुष्कळदा वधूपक्षाने काय द्यावे हेच लिहिले जाई. हुंडा देणे व घेणे हे दोन्ही १९६१ च्या कायद्याने गुन्हे आहेत. स्वखुशीने दिलेल्या भेटींचीही रीतसर यादी करून ठेवावी, असा १९८५ चा नियम आहे. ‘आम्हाला काही नको, फक्त लग्न चांगले करून द्या’ असे वरपक्ष म्हणतो, तेव्हा तीही एक मागणीच असते, आणि तिला आकडा नसल्यामुळे ती अधिक जड जाते.

याद करण्याची चाल मोडण्याची गरज नाही. तिचा विषय बदलावा. एकूण खर्च किती, त्यातला निम्मा कोणी व कशावर करावयाचा, प्रत्येक घरची माणसे किती, मानपान ठेवावयाचा की नाही, हे त्या यादीत लिहावे. मानपान ठेवावयाचाच असेल तर उभयपक्षी सारखा, आणि आईवडील व आजीआजोबा यांच्यापुरता असावा. आहेर स्वीकारावयाचा नसेल तर पत्रिकेत तसे छापावे, आणि छापल्याप्रमाणे वागावे. वधूवरांनाही या बैठकीस बसवावे. खर्च त्यांच्यासाठी आहे, तेव्हा तो त्यांना कळावयास हवा. व्याही व्याह्यांशी या एका बैठकीत मोकळेपणाने बोलले तर पुढची अर्धी कटकट तेथेच मिटते.

६. कार्याची आखणी

दगदग होते ती बहुधा कामे पुष्कळ असल्यामुळे नव्हे, तर सर्व कामे दोनच माणसांकडे असल्यामुळे. म्हणून प्रारंभीच पाच जबाबदार माणसे नेमावीत. एकाने पैशाची थैली व हिशोब सांभाळावा. दुसऱ्याने कोठी व आचारी यांकडे पाहावे. तिसऱ्याने पाहुण्यांचे येणे-जाणे व निवास बघावा. चौथ्याने गुरुजींजवळ बसून साहित्य हाताशी द्यावे. पाचव्याने घड्याळ सांभाळावे. वधूवरांचे आईवडील या पाचांत नसावेत. त्यांचे काम एकच, संस्कारास बसणे आणि आल्यागेल्यास नमस्कार करणे. काका, मामा, आत्या, मावशी, शेजारी यांना कामे वाटून दिल्याने त्यांचाही मान राहतो.

चार महिने आधी मुहूर्त व जागा ठरवावी. सुटीचा दिवस आणि दाट लग्नतिथी एकत्र आल्या की प्रत्येक गोष्टीचा दर चढतो. आपल्या शेजारी गुजराती समाजात डिसेंबरच्या मध्यापासून मकरसंक्रांतीपर्यंत कमुरता पाळतात आणि त्यात लग्ने करीत नाहीत. आपल्या पंचांगात त्या दिवसांत मुहूर्त मिळत असेल तर मोठी कार्यालयेही सहज व माफक दरात मिळू शकतात. माणसे शंभरांच्या आत असतील तर देवालयाचे सभागृह किंवा घरचे अंगण यांसारखी प्रसन्न जागा नाही.

दोन महिने आधी निमंत्रितांची यादी करावी. नाव लिहिताना एकच प्रश्न विचारावा : या व्यक्तीने वधूवरांपैकी एकाला तरी नावाने ओळखले आहे काय? ज्यांचे उत्तर नकारार्थी येईल त्यांना विवाहानंतर पेढे पाठवून नमस्कार कळवावा. जवळच्यांना समक्ष जाऊन अक्षत द्यावी. दूरच्यांना मोबाईलवरून पत्रिका पाठविण्यात कमीपणा नाही.

पंधरा दिवस आधी प्रत्येक व्यवहार लेखी करून घ्यावा. कार्यालयाच्या भाड्यात भांडी, वीज, पाणी व सफाई धरली आहे की नाही, आणि वाढपी आचाऱ्याचे की आपले, हे तोंडी ठरविल्याने ऐनवेळी वाद होतात.

विवाहाची नोंदणी मात्र लौकिक समजून पुढे ढकलू नये. सर्व विवाहांची नोंदणी सक्तीची करावी असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली दिला, आणि गुजरातेत नोंदणीचा कायदाही त्याच वर्षी झाला. वयाचे दाखले, पत्रिका, साक्षीदार इत्यादींची माहिती निबंधकाच्या कार्यालयातून आधीच घेऊन ठेवावी आणि हे काम विवाहानंतर लगेच उरकावे.

७. पाकसिद्धी आणि पंगत

अन्नाचा थाट पदार्थांच्या संख्येवर नसतो. वरणभात, मसालेभात, अळूची भाजी, पुरी, कोशिंबीर, जिलबी आणि मठ्ठा एवढ्या पानावर कोणी उपाशी उठत नाही. शंभर पानांस साधारणपणे साध्या भातास पाच किलो व मसालेभातास पाच किलो तांदूळ, वरणास तीन किलो तूरडाळ, पुऱ्यांस आठ किलो कणीक, दहा किलो जिलबी आणि पंधरा लिटर मठ्ठा, असा अंदाज धरावा. अनुभवी आचारी आपल्या हाताप्रमाणे यात थोडे कमी-जास्त सांगेल, तो त्याचा अधिकार आहे. मात्र पाने किती हे आपण सांगावे, त्याने नव्हे. उरलेले अन्न कोठे पोचवावयाचे हे आदल्या दिवशीच ठरवून ठेवावे, म्हणजे ते ऊन असतानाच गरजूंच्या मुखी पडेल.

आता पंगतीचा हिशोब पाहा. एका वेळी शंभर पाने बसत असतील आणि एका पंगतीस पाने मांडण्यापासून उठेपर्यंत पाऊण तास लागत असेल, तर तीनशे माणसांस सव्वादोन तास हवेत. मुहूर्त साडेअकराचा असेल आणि होमास एक तास दिला तर पहिली पंगत पाऊण वाजता बसेल व शेवटची तीन वाजता उठेल. तिसऱ्या पंगतीतल्या भुकेल्या माणसाने होमापाशी बसून राहावे, ही अपेक्षा मग अन्यायाची ठरते. तेच निमंत्रित दोनशे असतील तर सव्वादोन वाजता सर्व आटोपते. म्हणजे निमंत्रितांची संख्या आटोपशीर ठेवणे हा केवळ पैशाचा प्रश्न नाही. सप्तपदीला माणसे उरावीत म्हणूनही ती आटोपशीर हवी. मुहूर्त सकाळी नऊ-दहाचा मिळाला तर ही अडचणच राहत नाही. आल्याबरोबर सर्वांना उपाहार द्यावा, मग मंगलाष्टके, मग होम, आणि सप्तपदी झाल्यावरच पहिले पान मांडावे.

अक्षतांविषयीही एक शब्द. अक्षता म्हणजे अखंड तांदूळ. त्या आशीर्वाद म्हणून मस्तकी वाहावयाच्या असतात. दुरून फेकलेल्या मूठभर तांदळावर पुढे शेकडो पाय पडतात. प्रत्येकास चिमूटभर अक्षता व थोड्या फुलांच्या पाकळ्या द्याव्यात, आणि अन्न पायदळी जाऊ देऊ नये.

८. तो एक तास

पूर्वी घंगाळातील पाण्यावर तळाशी छिद्र असलेली तांब्याची वाटी सोडून मुहूर्ताची घटिका मोजीत. वाटी भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे चोवीस मिनिटे झाली. ज्योतिषी त्या वाटीवरून दृष्टी हलवीत नसे. आज घड्याळ प्रत्येकाच्या हातात आहे, पण मुहूर्त मिरवणुकीतील नाचण्यात टळून जातो. घड्याळ सांभाळणाराचे खरे काम येथे आहे. वर मंडपात किती वाजता पोचलाच पाहिजे हे वरपक्षास आदल्या दिवशी नम्रपणे सांगून ठेवावे.

होमाच्या तासात पाच गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. ध्वनिवर्धक गुरुजींच्या हाती असावा. वाद्ये थांबलेली असावीत. छायाचित्रकाराने अग्नी आणि मंडळी यांच्या मध्ये उभे राहू नये. उभय आईवडील समोर बसलेले असावेत. आणि सातव्या पावलापर्यंत कोणी उठू नये, अशी विनंती घरातील ज्येष्ठाने सर्वांना स्वतः करावी. यांतल्या एकाही गोष्टीस पैसा लागत नाही.

रात्री वधूवरांना घेऊन अंगणात किंवा गच्चीवर जावे आणि उत्तरेस ध्रुव दाखवावा. आभाळ भरलेले असले तर दिशा दाखवूनच नमस्कार करावा. दिवसभरात दोघांना निवांत एकत्र उभे राहण्याचा तो बहुधा पहिलाच क्षण असतो. वर्षांनी त्यांना रोषणाईचे रंग आठवणार नाहीत. हा क्षण, पाटावर ठेवलेले पाऊल आणि भावाने ओंजळीत घातलेल्या लाह्या आठवतील.

मननासाठी प्रश्न

१. आपल्या घरी झालेल्या मागील विवाहाचा खर्च तीन रकान्यांत मांडल्यास प्रत्येकात किती येतो?

२. सप्तपदीतील सात पावलांचा अर्थ आपल्या घरातील मुलामुलींना आपण सांगितला आहे काय?

३. आपल्या कुळाचा असा कोणता देशाचार आहे की जो बिनखर्चाचा असूनही सुटत चालला आहे? तो पुन्हा कसा सुरू करता येईल?

४. आहेर व मानपान यांबाबत आपण स्वतः यजमान असताना काय कराल आणि पाहुणे असताना काय कराल? दोन्ही उत्तरे सारखी येतात काय?

या प्रश्नांचा विचार घरातील सर्वांनी एकत्र बसून, आणि शक्य तर लग्न ठरण्यापूर्वीच करावा. लग्न ठरल्यानंतर विचारास सवड राहत नाही.

शुभं भवतु ।